वाटखर्च

डेक्कन जिमखान्याचं मैदान तेव्हा पुण्याच्या दाट वस्तीबाहेर, मुठेपलीकडे होतं. फार मोठं नव्हतं. रूळ न फिरवलेलं खडबडीत गवती रान, आणि त्यातच धावण्याची वाट आखलेली. शंभर यार्डांची शर्यत सरळ रेषेत बसेना, म्हणून ती वळणावरून पळवायचं ठरलं होतं. धावपटूंच्या मध्ये दोऱ्या बांधायच्या असतात, हेही कुणाच्या गावी नव्हतं. १९१९ सालच्या या शर्यतींच्या बैठकीला जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा येऊन बसले आणि त्यांनी हे सगळं ऐकलं. केंब्रिजला शिकताना त्यांनी इंग्रजांचे बहुतेक मैदानी खेळ स्वतः खेळलेले होते. वळणावरच्या शर्यतीत आतल्या बाजूच्या माणसाला फायदा मिळतो, दोऱ्या नसतील तर धक्काबुक्की होते, हे त्यांनी समजावून सांगितलं. ऐकणाऱ्यांना त्यात नवलच वाटलं असावं. पळायचं ते पळायचं, त्यात दोऱ्या कशाला?

शर्यतीत उतरलेली पोरं शेतात राबणारी होती. खाणं जेमतेम, सराव कसला तो नाही, युरोपातले नियम ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. पण लांब पल्ल्याच्या शर्यती झाल्या आणि दोराबजींनी वेळा पाहिल्या, तेव्हा ते चकित झाले. युरोपातल्या शर्यतींच्या वेळांशी तुलना करावी इतक्या त्या चांगल्या होत्या. हे त्यांनी पुढे एका पत्रात सविस्तर लिहून ठेवलं आहे, म्हणून आपल्याला ते मैदान आणि त्या दोऱ्या आज दिसू शकतात. धावणाऱ्या पोरांची नावं मात्र पत्रात नाहीत.

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही त्या वेळी पुण्याबाहेरची साधी गावं. मुंबई–पुणे आगगाडी शिवारातून धडधडत जायची, चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीला भाविक यायचे, बाकी ज्वारी-बाजरीची रानं. या रानांवर पुढे टाटांचाच एक कारखाना उभा राहील, आणि कमरेखाली लुळा पडलेला त्याचा एक कामगार जगाच्या स्पर्धेत भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक मिळवेल, हे १९१९ साली कुणाला स्वप्नातही सुचलं नसतं. पण जिमखान्याच्या गवतापासून त्या कारखान्यापर्यंत एक वाट जाते. तिच्यावर वेळोवेळी एकच सवाल उभा राहिला: अंगात धमक आहे, निवड झाली आहे, आता जायचा खर्च कोण करणार?

तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्यापाशी दोराबजींनी विषय काढला. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, १९२० च्या उन्हाळ्यात बेल्जियममध्ये अँटवर्पला ऑलिंपिक भरायचं होतं. तिथे हिंदुस्थानचा संघ पाठवता येईल का? लॉइड यांनी मनावर घेतलं, खटपट झाली, आणि फेब्रुवारी १९२० मध्ये ऑलिंपिक समितीकडून होकार आला. एप्रिलमध्ये पुण्यात निवड चाचण्या झाल्या. त्यातून सहा जण निवडले गेले. धावण्यासाठी बेळगावचा फडेप्पा चौगुले, साताऱ्याचा सदाशिव दातार, हुबळीचा कैकाडी आणि बंगालचा पूर्मा बॅनर्जी. कुस्तीसाठी मुंबईचे कुमार नवले आणि रणधीर शिंदे.

ही यादी पुन्हा एकदा वाचावी अशी आहे. देशाच्या पहिल्या ऑलिंपिक संघातली बहुतेक माणसं मराठी आणि सीमाभागातल्या मुलखातली होती. त्याचं कारण उघड आहे. निवड पुण्यात झाली, पुढाकार पुण्यातल्या एका जिमखान्याचा होता, आणि जो जवळ होता तोच चाचणीला येऊ शकला. आसामच्या किंवा मलबारच्या पोराला पुण्यापर्यंत यायचं भाडं कुणी दिलं असतं? म्हणजे वाटखर्चाची चाळणी अँटवर्पच्या आधी, पुण्यातच लागली होती. आपण त्या संघाचा अभिमान जरूर बाळगावा. पण तो सबंध हिंदुस्थानातून निवडलेला संघ होता असं म्हणू नये.

पैसे असे उभे राहिले: मोठी रक्कम दोराबजींनी स्वतःच्या खिशातून घातली, सरकारने काही वाटा उचलला, आणि उरलेल्यासाठी वर्गणी मागितली गेली. जूनच्या सुरुवातीला संघ आगबोटीने निघाला. लंडनला काही आठवडे सराव झाला. तिथे या माणसांना पहिल्यांदा आखीव धावपट्टी मिळाली आणि प्रशिक्षक मिळाला. ज्यांनी सगळा दम गावच्या रस्त्यांवर आणि शेतातल्या कामावर कमावला होता, त्यांना तो ऐन स्पर्धेच्या तोंडावर नव्या साच्यात बसवायचा होता. हे सोपं नसतं. पल्ल्याच्या शर्यतीला कोणत्या वेगाने निघायचं हे अंगात मुरायलाच वर्षं जातात.

अँटवर्पची मॅरेथॉन २२ ऑगस्ट १९२० ला झाली. अंतर नेहमीपेक्षा जास्त, ४२.७५ किलोमीटर, ऑलिंपिकच्या इतिहासात इतकी लांब मॅरेथॉन दुसरी नाही. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटं ३५ सेकंदांत पहिला आला. फडेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पोचला, एकोणिसावा. दातार शर्यत पुरी करू शकला नाही. एकोणिसावा म्हटलं की आपण पान उलटतो, कारण आपल्या नजरा पदकांच्या तक्त्यावर असतात. पण विचार करून पाहा. बेळगावकडचा एक तरुण, चार महिन्यांपूर्वी पुण्याच्या चाचणीत धावलेला, समुद्र ओलांडून आलेला, आणि विजेत्याच्या मागे अठरा मिनिटांवर. कोलेहमाइनेन हा आठ वर्षांपूर्वी स्टॉकहोममध्ये तीन सुवर्णपदकं जिंकून आलेला, त्या काळातला जगातला सर्वांत नामांकित धावपटू होता. दोराबजींनी जिमखान्यावर जे पाहिलं होतं ते खरंच होतं, याचा हा पुरावा आहे.

कुस्तीत तर पदक हाताशी येऊन गेलं. रणधीर शिंदे फेदरवेट गटात उपांत्य फेरीपर्यंत पोचला आणि शेवटी चौथा राहिला. लाल मातीत वाढलेला मल्ल परक्या गादीवर, परक्या नियमांनी, परक्या पंचांसमोर लढला आणि एका कुस्तीने हुकला. पुढची बत्तीस वर्षं कुठल्याही वैयक्तिक खेळात भारताचा खेळाडू यापुढे फारसा सरकला नाही. तरीही शिंदेंचं नाव कुस्तीच्या गावांतसुद्धा आज क्वचित ऐकू येतं. चौथ्याची आठवण ठेवायची सवय आपल्याला लागलेली नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला बरं वाटत नाही. ज्या वर्षांत दोराबजी शेतकऱ्यांच्या पोरांना विलायतेला पाठवत होते, त्याच वर्षांत त्यांच्याच घराण्याची वीज कंपनी मुळशी पेट्यात धरण बांधत होती. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती आणि त्यासाठी निळा-मुळेच्या संगमापाशी खोऱ्यातली पन्नासेक गावं पाण्याखाली जायची होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. लढा १९२४ पर्यंत चालला. धरण झालं, शेतं बुडाली. दोराबजींचं खेळावरचं प्रेम अस्सल होतं, त्यात मला तिळमात्र शंका नाही. पण ज्या माणसांच्या पायांत त्यांना जगाशी टक्कर देण्याची ताकद दिसली, तशाच माणसांच्या पायांखालची जमीन त्या कंपनीने घेतली, हेही त्याच काळात घडलं. इतिहास लिहिताना यातली एक गोष्ट ठेवून दुसरी गाळता येत नाही. आणि तीच मुळा पुढे वाकड आणि बालेवाडीच्या मधून वाहत खाली येते, जिथे सत्तर वर्षांनी राज्यातलं सर्वांत मोठं क्रीडासंकुल बांधलं गेलं. त्याकडे पुढे येऊच.

अँटवर्पनंतर एवढं लक्षात आलं, की एका माणसाच्या खिशावर आणि एका शहराच्या जिमखान्यावर देशाचा संघ उभा राहू शकत नाही. फेब्रुवारी १९२४ मध्ये दिल्लीला प्रांताप्रांतांचे खेळाडू एकत्र आणून अखिल भारतीय स्पर्धा घेण्यात आल्या. त्यात मद्रासच्या वायएमसीएमधले डॉ. नोरेन यांचा मोठा हात होता. पॅरिसच्या ऑलिंपिकला जाणारे खेळाडू तिथे निवडले गेले. आज आपण ज्यांना राष्ट्रीय खेळ म्हणतो त्यांचं मूळ हेच. प्रांतांनी प्रांतांशी खेळायचं, आणि आपल्या खेळाडूला पाठवायची जबाबदारी प्रांताने घ्यायची, ही त्यामागची रीत. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना उभी राहिली, दोराबजी पहिले अध्यक्ष झाले, आणि १९३२ मध्ये ते जर्मनीत वारले.

रीत कागदावर आली, पण खिसे होते तिथेच राहिले. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिनला जाऊन देशी खेळ आणि व्यायामप्रकार दाखवून आलं, तेही एका संस्थेच्या हिमतीवर. आणि १९५२ ची गोष्ट तर महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९४८ मध्ये कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने लंडनच्या ऑलिंपिकला जाऊन सहावे आले होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या वेळी संस्थान उरलं नव्हतं. सरकारी दारं ठोठावून झाली. शेवटी गावोगाव वर्गणी फिरली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. विद्यार्थ्याच्या तिकिटासाठी प्राचार्याने घर गहाण टाकायचं! खर्डेकरांपुढे हात जोडावेत, आणि त्यांच्यावर ही वेळ आणणाऱ्या व्यवस्थेला जाब विचारावा, दोन्ही एकाच दमात करावंसं वाटतं.

खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कऱ्हाडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग खाशाबांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले, आणि त्या पैशांतून खर्डेकरांचं घर सोडवलं. देशासाठी पदक आणून दिल्यावर त्याचं कर्ज फेडायला पुन्हा लांग बांधून मातीत उतरणारा दुसरा ऑलिंपिकवीर जगात झाला असेल, असं मला वाटत नाही.

आता पिंपरी.

१९५४ मध्ये इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि लवकरच देशात पेनिसिलिन बनू लागलं. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची छावणी आधीच वसलेली होती. साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने जमिनी घेतल्या, रस्ते पाडले, आणि १९६६ मध्ये टाटांच्या टेल्को या ट्रक बनवणाऱ्या कंपनीने इथे बस्तान मांडलं. कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी उजाड माळावर आधी झाडं लावली, तळं केलं, यंत्रांचे साचे घडवणारे कारागीर तयार केले; ट्रक पुष्कळ नंतर बाहेर पडले. कोकणातून, साताऱ्या-सांगलीकडून, मराठवाड्यातून, खानदेशातून माणसं लोंढ्याने आली. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका.

या माणसांनी येताना आपापला खेळ बरोबर आणला होता. पाळी संपल्यावर वसाहतीतल्या मोकळ्या जागेत चुन्याची फक्की मारून कबड्डीचं मैदान आखायचं, नवरात्रात किंवा शिवजयंतीला सामने भरवायचे, गावच्या जत्रेला रजा टाकून कुस्तीला जायचं. कामगार कल्याण केंद्रांच्या स्पर्धा होत, कंपनी-कंपनीचे संघ एकमेकांना भिडत. पहिल्या पाळीचा माणूस घामट कपड्यांतच येऊन चढाई करायचा आणि तिसऱ्या पाळीवाला सामना अर्धा टाकून हजेरीला पळायचा. ज्याच्या अंगात खेळ आहे त्याला कंपनीत चिकटवून घ्यायचं, सरावाला सूट द्यायची, सामन्याला गाडीभाडं द्यायचं, ही औद्योगिक खेळांची पद्धत महाराष्ट्रात चांगली रुजली होती. खेळाडूच्या पोटापाण्याचा प्रश्न सोडवणारी इतकी सरळ योजना त्याआधी कुणी आखली नव्हती, आणि तिचं श्रेय कारखान्यांना द्यायलाच हवं. महिन्याचा पगार म्हणजे वाटखर्चाची निम्मी चिंता मिटली.

मुरलीकांत पेटकर या रांगेत आले ते वेगळ्याच वाटेने. जन्म सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा. लहान वयात सैन्यात भरती झाले आणि इएमई दलात कारागीर म्हणून काम करू लागले. तिथे त्यांना मुष्टियुद्धाचा नाद लागला, इतका की १९६४ मध्ये टोकियोला झालेल्या सेनादलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ते जाऊन आले. पुढच्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध झालं. हवाई हल्ल्यात त्यांना अनेक गोळ्या लागल्या, त्यातली एक मणक्यात रुतली. बराच काळ ते शुद्धीवर नव्हते. शुद्ध आली तेव्हा कमरेखालचं शरीर गेलं होतं. मुंबईच्या नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात उपचार चालू असताना त्यांना पोहायला लावलं गेलं, ते उपचार म्हणून.

पक्षाघाताच्या रुग्णांनी खेळावं ही कल्पना तेव्हा जगातही फार जुनी नव्हती. इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, मणक्याला दुखापत झालेल्या सोळा माजी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली होती. सोळा माणसं आणि दोन संस्था, एवढीच तिची सुरुवात. त्यातून १९६० मध्ये रोमची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि तिला पुढे पॅरालिंपिक हे नाव मिळालं. भारत तिथे पहिल्यांदा गेला १९६८ मध्ये, तेल अवीवला. पेटकर त्या संघात होते, पण टेबल टेनिससाठी.

पोहणं हेच आपलं बळ आहे हे त्यांच्या ध्यानात आलं, त्याला मुष्टियोद्ध्याचे खांदे कारण असावेत. पाय हलत नसलेल्या माणसाचं पोहणं जवळून पाहिलं तर कळतं की ते नेहमीच्या पोहण्यासारखं नसतंच. आपण पोहतो तेव्हा पाय पाणी मारतात आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कंबर वर धरून ठेवतात. पाय निर्जीव असले की ते बुडू पाहतात, कंबर खाली ओढतात, आणि शरीर पाण्यात तिरकं होतं. तिरकं शरीर म्हणजे समोर पाण्याची भिंत. ती भिंत फक्त हातांनी फोडायची, आणि दर हाताला छाती दाबून मागचं अंग वर ठेवायचं. भिंतीला पाय लावून उसळी घ्यायची सोय नाही, सुरुवातीची उडी नाही. जे काही करायचं ते दंड, खांदे आणि श्वास यांच्या जोरावर.

१९७० मध्ये एडिंबरोला झालेल्या राष्ट्रकुल पॅराप्लेजिक स्पर्धेत पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेतलं. एका माणसाने एकाच स्पर्धेत पोहणं, भाला आणि गोळा अशा तीन खेळांत पदकं आणली. आणि मग १९७२ चा ऑगस्ट. त्या वर्षीचं ऑलिंपिक म्युनिकला होतं, पण तिथल्या क्रीडाग्रामाच्या इमारती ऑलिंपिकनंतर घरं म्हणून द्यायच्या होत्या, म्हणून पॅरालिंपिक हायडेलबर्गच्या विद्यापीठात आणि तेही आधीच भरलं. चाळीसहून अधिक देश आले होते. पेटकरांनी आपल्या गटात ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत कापलं. जागतिक विक्रम. सुवर्णपदक. भारतीय खेळाडूने ऑलिंपिक किंवा पॅरालिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण मिळवण्याची ही पहिली वेळ. अभिनव बिंद्राला बीजिंगमध्ये नेमबाजीचं सुवर्ण मिळालं ते यानंतर ३६ वर्षांनी.

इथेही तिकीट सरकारने काढलं नव्हतं. माजी कसोटी क्रिकेटपटू विजय मर्चंट अपंगांसाठी काम करणारी एक संस्था चालवत होते. पेटकरांच्या परदेशवारीचा भार त्या संस्थेने उचलला. क्रिकेटमध्ये नाव कमावलेला माणूस, ज्यांची नावंही कुणाला ठाऊक नाहीत अशा खेळाडूंसाठी पैसे उभे करत होता. मर्चंटांच्या फलंदाजीची सरासरी सांगणारे हजारो आहेत. हेही त्यांच्या नावापुढे लिहिलं जावं.

आणि टेल्को. जखमी जवानाला टाटांकडून आर्थिक मदत देऊ केली गेली, तेव्हा पेटकरांनी मदत नको, नोकरी द्या म्हटलं. नोकरी मिळाली, आणि पुढची सुमारे तीन दशकं ते टेल्कोत राहिले. मला या सगळ्या हकिगतीत ‘मदत नको, नोकरी द्या’ हे वाक्य सर्वांत मोलाचं वाटतं. देणगी एकदा मिळते आणि देणाऱ्याच्या मर्जीवर असते. पगार दर महिन्याला येतो, त्यावर आपला हक्क असतो, आणि त्यातून घरभाडं, मुलांची शाळा, दवाखाना, औषधं सगळं निघतं. दोराबजींच्या काळात शेतकऱ्याच्या पोराला बोटीचं तिकीट मिळालं, पण परत आल्यावर काय, याची तजवीज नव्हती. पिंपरीत ती झाली. त्यामुळे भारताच्या पॅरालिंपिक इतिहासात या कारखान्याला जागा आहे, आणि ती उद्योगनगरीच्या रहिवाशांना तरी ठाऊक असायला हवी.

पोटाची सोय झाली, पण मान मिळायला जन्म गेला. १९८२ मध्ये अर्जुन पुरस्कारासाठी पेटकरांनी केलेली मागणी फेटाळली गेली. हायडेलबर्गच्या वेळी पॅरालिंपिकचं वृत्त वर्तमानपत्रांत जेमतेम आलं होतं, पुढे ते कुणाच्या स्मरणातही उरलं नाही. शाळेत आम्हाला सामान्य ज्ञानाच्या पुस्तकांत खाशाबा भेटले, मिल्खासिंग भेटले. पेटकर भेटले नाहीत. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, हायडेलबर्गनंतर ४६ वर्षांनी. २०२४ मध्ये कबीर खान यांचा ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट आला आणि नव्या पिढीने हे नाव पहिल्यांदा ऐकलं. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते अर्जुन पुरस्कार मिळाला, जीवनगौरवाचा. खाशाबा इतकेही थांबू शकले नाहीत. १९८४ मध्ये अपघातात ते गेले आणि अर्जुन पुरस्कार मरणोत्तर आला.

दरम्यान मुळेकाठी बालेवाडी उभी राहिली. जानेवारी १९९४ च्या राष्ट्रीय खेळांचं यजमानपद महाराष्ट्राला मिळालं, आणि शिवछत्रपती क्रीडासंकुल त्यासाठी बांधलं गेलं. दिल्लीत १९२४ साली सुरू झालेली प्रांताप्रांतांची स्पर्धा सत्तर वर्षांनी, दोराबजींच्या जिमखान्यापासून काही कोसांवर आली. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये इथेच राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाली. त्यात बेटांवरचे चिमुकले देशही होते, ज्यांची लोकसंख्या आपल्या एखाद्या प्रभागाएवढी. अशा देशांच्या संघांकडे पाहिलं की एक गोष्ट कळते: चार खेळाडू असोत की चारशे, पाठवायचं ठरलं की देश पाठवतो.

संकुल झालं की खर्चाचा सवाल सुटतो, असा आपला समज असतो. धावपट्टी, तलाव, नेमबाजीची रेंज, वसतिगृह हे सगळं लागतंच. १९१९ च्या त्या वळणावरच्या वाटेपेक्षा आपण कितीतरी पुढे आलो आहोत, आणि ते लहान काम नव्हे. पण मुळशी, मावळ किंवा खेड तालुक्यातल्या मुलीला रोज पहाटे बालेवाडीला पोचायला लागणारं एसटीचं भाडं, बुटांची जोडी, जिल्ह्याबाहेरच्या स्पर्धेची प्रवेश फी, या गोष्टी संकुलाच्या अंदाजपत्रकात येत नाहीत. त्या बापाच्या खिशातून जातात. भोसरी-चाकण पट्ट्यात आज जगातल्या नामांकित मोटार कंपन्या आहेत. पण काम पुष्कळसं कंत्राटी झालं आहे, आणि कंत्राटी कामगाराला सामन्यासाठी कोण सुट्टी देणार? खेळाडूला कायम नोकरी देऊन मैदानावर सोडणारी जुनी पद्धत या पट्ट्यात मागे पडली, याचं मला फार वाईट वाटतं. पेटकर आज आले असते तर त्यांना ती नोकरी मिळाली असती का, हा प्रश्न उद्योगनगरीने स्वतःला विचारावा.

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकलेला, बालेवाडीत सराव केलेला, मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. प्रबोधिनी सरकारची, रेंज सरकारची, नोकरी सरकारची. शंभर वर्षांत एवढं बदललं, आणि त्यामुळेच पदक आलं. तरीही सुरुवातीच्या वर्षांत त्याच्या सरावाच्या गोळ्यांसाठी शिक्षक असलेल्या वडिलांना कर्ज काढावं लागलं होतं. एका गोळीला शंभर रुपयांच्या वर पडत. पदकानंतर राज्य सरकारने १ कोटी रुपये जाहीर केले आणि रेल्वेने लगेच बढती दिली.